उघडी ठेवलेली भिंत

आषाढ लागला की मी घरातली कपाटं भिंतीपासून सरकवते. एकटीला ती सरकत नाहीत, मग नवऱ्याला हाक मारते, आणि तो दरवर्षी तेच बोलून उठतो, "चला, इन्स्पेक्टरबाई आल्या!" मी काणाडोळा करते. कपाट हातभर पुढं आलं की मागच्या अंधारात वाकून आधी वास घेते. बुरशी डोळ्यांना दिसायच्या बरीच आधी नाकाला कळते, हे मला माहेरानं शिकवलंय. कुणाकडे चहाला गेले तरी खुर्चीवर टेकायच्या आधी माझं नाक त्यांच्या भिंतीकडे वळतं. पाहुण्यांनी असं वागू नये हे कळतं मला, पण नाक ऐकत नाही.

यंदा सापडली. यवतमाळच्या आमच्या या फ्लॅटमध्ये, मुलीच्या खोलीत, कपाटामागं, अगदी खालच्या कोपऱ्यात. काळे बारीक ठिपके आणि त्यांच्याभोवती फुगलेला रंग. रंगाऱ्याला बोलावलं. तो आला, एका नजरेत सगळं पाहिलं आणि म्हणाला, "काही टेन्शन नका घेऊ ताई. घासतो, वॉटरप्रूफ मारतो, संध्याकाळपर्यंत चकाचक."

"पण भाऊ, पाणी कुठून येऊन राह्यलं ते पाहा ना आधी."

"थे पाह्याले गेलो तं पलीकडच्या बाथरूमच्या टाईल्स फोडा लागतीन," तो म्हणाला. मला भीती वाटावी अशाच सुरात म्हणाला.

"मग फोडा," मी म्हटलं. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पेपर तोंडासमोर धरला.

रंगारी गेल्यावर मी त्या कोपऱ्यापाशी जमिनीवर बसून राहिले. तोच वास होता. ओल्या मातीचा नव्हे. ओली माती प्रसन्न असते. हा कोंडलेल्या ओलीचा वास, थोडा आंबट, थोडा जुन्या गोधडीसारखा. आणि वास आला की माणसाला विचारून थोडंच कुठं नेतो? मी बाभुळगावच्या आमच्या घरी, मधल्या खोलीत जाऊन उभी राहिले.

घर साधंच होतं. एकामागं एक अशा तीन खोल्या, वर टिनं, मातीत जोडलेल्या विटांच्या भिंती. पुढं ओटा, मागं न्हाणी. मधली खोली आमची झोपायची. तिची एक भिंत बाहेरच्या बोळीकडे होती, आणि बोळीत सगळी काळी माती. आमच्याकडची ही माती उन्हाळ्यात हात आत जाईल इतक्या भेगा पाडते, आणि पावसाळ्यात फुगून बसते, पाणी काही केल्या सोडत नाही. कपाशीला हे मानवतं. भिंतीला मानवत नाही, एवढं आमच्या ध्यानात यायला फार उशीर लागला.

ती कापसाचा भाव पडलेली वर्षं होती, दोन हजार सालाच्या आगेमागची. यवतमाळ जिल्हा म्हटलं की परगावचा माणूस आवाज उतरवून बोलायचा, कारण पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव यायचं ते मरणाच्या बातमीतच. पुण्याला माझ्या मामेबहिणीकडे गेले होते तेव्हा तिच्या शेजारणीनं मला दोनदा पोहे वाढले आणि दोन्ही वेळा डोळे पुसले. मला तिला सांगावंसं वाटलं की बाई, आम्ही हसतोसुद्धा. आमच्याकडे थोडं शेत होतं, बाबांना हंगामात जिनिंगमध्ये काम असायचं, आणि काटकसर करणारी आई होती. पण भाव नाही म्हणून कापूस विकायचा नाही, घरात भरून ठेवायचा आणि भावाची वाट पाहायची, ही त्या वर्षांतली गावोगावची रीत आमच्याही घरात होती.

दिवाळी झाली की मधली खोली आमची राहायची नाही. वेचणीचा कापूस गाठोड्या-गाठोड्यांनी आत यायचा. आधी कोपरा भरायचा, मग अर्धी खोली, मग कापूस खिडकीच्या वर जायचा आणि घरात पांढरा उजेड पडायचा. आई-बाबा उरलेल्या पट्टीत अंथरूण घालायचे, मी गंजीच्या पायथ्याशी. थंडीत त्यासारखी ऊब नाही. दिवसभर उन्हात असलेला कापूस रात्रीही कोमट असतो, आणि सरकीचा तेलकट वास नाकाशी असतो. खाज सुटायची, हातावर लाल पुरळ यायचं, मांजर तिथंच व्यायची आणि पिलं कापसातून शोधून काढावी लागायची. आलेल्या पाहुण्याची काडेपेटी ओट्यावरच काढून घेतली जायची. या बाबतीत बाबा सख्ख्या मेव्हण्यालाही सोडत नसत. ते सगळं गैरसोयीचं होतं आणि मला ते सगळं परत हवंय.

कापूस भरायचा तो बोळीकडच्या भिंतीला लावून. टेकू मिळाला की गंजी उंच चढते, जास्त मावतं. शिवाय बाबा हळूच म्हणायचे, "थोडी ओल पिते भितीची, तं पिऊ दे. काट्यावर जड भरते." आई म्हणायची, "काट्यावर काय भरते थे पाहू. आधी काट्यावर जाऊ तं द्या." कारण बाबांचं ठरलेलं असायचं, अजून चार रोज थांबू. होळीला भाव येईन, पाडव्याले येईन, मृग लागायच्या आत तं येईनच येईन.

आणि त्या भिंतीचा बाबांना कोण अभिमान! एका बऱ्या सालात त्यांनी तिला सिमेंटचा गिलावा करून घेतला होता आणि वर कमरेइतका हिरवा ऑइल पेंट. आमच्या वस्तीत तसा पेंट दुसऱ्या कुणाकडे नव्हता. येणारा-जाणारा हात फिरवून पाहायचा आणि म्हणायचा, "लई चिकनी झाली भित!" बाबा मग उगाच चहा टाकायला सांगायचे. आतली विटा-मातीची जोडाई जमिनीतलं पाणी वर ओढत होती आणि त्या पाण्याला बाहेर पडायला आता ना आतून वाट होती ना बाहेरून, हे त्या चहाच्या कपांमधून कोणाला दिसणार?

आता आईबद्दल सांगते, कारण हे सगळं तिच्यापर्यंतच येऊन थांबतं. आई केळापूरकडची, सातवी शिकलेली. आमच्या बौद्ध वस्तीत वर्षावासाचे तीन महिने, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, संध्याकाळी ग्रंथवाचन व्हायचं. विहाराचं छप्पर गळायचं म्हणून वाचन घरोघर फिरायचं, आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. घर कुणाचंही असो, वाचणारी माझी आई. तिचा आवाज मोठा नव्हता, पण टिनांवर पाऊस वाजत असला तरी तो मागच्या रांगेपर्यंत जायचा. पूर्णविराम आला की ती खरोखर थांबायची. आणि मधेच पुस्तकावर बोट ठेवून, मान वर करून वऱ्हाडीत सुरू व्हायची, "म्हंजे कसं हाये बायांनो, पाह्यजा..." आणि मग शेजारणीची सून, हापशीवरचं भांडण, बैलाची शिंगं, काहीही घेऊन ती ते छापील वाक्य सगळ्यांच्या पदरात टाकायची. हसू व्हायचं. पुस्तकातला शब्द तसा सगळ्यांनाच ऐकू यायचा. कळायचा तो या थांब्यांत. लोक खरं तर त्या थांब्यांसाठी यायचे. दिवसभर निंदण करून आलेली बाई, जिला घरात कुणी दोन वाक्यं सलग बोलू देत नसेल, ती माझी आई तिथं तासभर बोलायची आणि अख्खी वस्ती ऐकायची.

एका वर्षी भाव आलाच नाही. होळी गेली, पाडवा गेला, मृग कोरडा गेला आणि मग पाऊस असा बसला की उठेना. कापूस घरातच. पिवळा पडू लागला. बोळीतलं पाणी भिंतीशी तुंबलेलं, वरून टिनांची धार थेट तिच्या पायावर. आम्ही त्या खोलीत खिडकी लावून झोपायचो, कारण वारा ओला होता. आईला खोकला लागला. सगळ्यांनाच लागतो पावसाळ्यात, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पण तिचा हटेना. पहाटे उठून बसायची आणि छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा.

शेवटी मिळेल त्या भावानं कापूस गाडीत भरला. गाठोडी बाहेर जात होती आणि भिंत खालून वर उघडी पडत होती. हिरवा रंग कुठं गेला कळेना. सगळी भिंत काळी, मधे मधे राखाडी मऊ लव, रंगाचे फुगे, आणि त्यांतून फुटलेलं पांढरं मीठ. कापसाचा शेवटचा थर भिंतीला चिकटून राहिला होता. बाबांनी ओढला तर गिलाव्याचा पापुद्रा घेऊनच निघाला. गाडीवाला दारातून म्हणाला, "बाप्पा!" त्या काळ्याशी डोकं करून आई अर्धा पावसाळा झोपली होती.

त्याच वर्षावासात आमच्या घरी वाचन होतं. बाबांनी भिंत झाडून, वर चुना ओढून पांढरी केली. आई वाचायला बसली. आधी तिचे ते मधले थांबे गेले. समजावून सांगायला लागणारा जास्तीचा दम तिच्याजवळ नव्हता, आहे तो वाक्य पुरं करायलाच जात होता. मग वाक्यंही मधे तुटू लागली. एका वाक्यात ती थांबली, खोकली, पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली. शेजारच्या शांताबाईंनी तिच्या मांडीवरचं पुस्तक उचलून घेतलं आणि पुढं वाचलं. शांताबाई शाळेत शिकवायच्या, वाचनात एक चूक नाही. पण त्या दिवशी कोणी हसलं नाही. आई पदर तोंडाला लावून ऐकत होती. लोक गेल्यावर ती मला म्हणाली, "वाचणं गेलं वं माह्यं." एवढंच. मला रडू आलं, आणि तिला ते दिसू नये म्हणून मी कप विसळायला गेले.

बाबा तिला यवतमाळला डॉक्टरकडे घेऊन आले. डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, "घरात ओल आहे का? भिंतीला बुरशी वगैरे?"

"नाही जी," बाबा ठामपणे म्हणाले, "ऑइल पेंट हाये."

हे आम्ही पुढं कितीतरी वर्षं आठवून हसलो. तेव्हा मात्र डॉक्टर हसले नाहीत. त्या खोलीत बाईंना झोपवू नका, आणि भिंतीचं काय ते करा, असं त्यांनी बजावलं. बाबांनी केलं. दिवाळीला भिंत घासली आणि पुन्हा ऑइल पेंट मारला, या खेपेला दोन हात, आकाशी. थंडी सरायच्या आत आकाशाला फुगे आले.

मग एक दिवस, फाल्गुनात, बाबा पुन्हा ब्रश आणि डबा घेऊन आले तेव्हा आई दारात आडवी उभी राहिली. ती भांडायची नाही, पण त्या दिवशी भांडली.

"ओला कापूस आला तं तुमी काय करता वो? गाठोड्यात दाबून ठेवता काय?"

"कायले दाबू? वाळवतो ना. सडून जाईन."

"मंग ओल्या भितीवर रंग काहून दाबता?"

बाबा डबा हातात घेऊन उभे. जन्म कापसात गेलेला माणूस. ओलं काही झाकून ठेवू नये, हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. फक्त भिंतही तसलीच वस्तू आहे, हे कधी मनात आलं नव्हतं. डबा त्यांनी ओट्यावर नेऊन ठेवला. मग आत येऊन म्हणाले, "मंग काय, उघडी करू म्हणतं तिले?"

"उघडी करा. वाळू द्या. आन् पाणी कुठून येते थे बंद करा पह्यले."

गुलाब मिस्त्री आला. त्याचाही पहिला बेत जुन्यावर नवा गिलावा ठोकायचाच होता. आईनं त्याला चहा दिला आणि तो पिऊन होईस्तोवर आपलं कापसाचं शास्त्र ऐकवलं. तो हसला, डोकं खाजवलं, पण कामाला लागला. आतला सिमेंटचा गिलावा ओल दिसत होती त्याच्या हातभर वरपर्यंत खरवडून काढला. ते सगळं ढेकूळ-ढेकूळ गावाबाहेर टाकलं. बोळीत भिंतीच्या कडेनं खणून काळी माती काढली, तिथं मुरूम भरून ठोकला, उतार बाहेरच्या बाजूला दिला. टिनांना पन्हाळ लावलं, न्हाणीचं पाणी भिंतीपासून दूर वळवलं. खणताना बाबा स्वतः खड्ड्यात उतरले होते. भर उन्हाळ्यातही ती माती तळाशी ओली होती. बाबांनी मुठीत दाबून पाहिली आणि माझ्यासमोर धरली. बोटांचे ठसे उमटले होते.

मग भिंत उघडी राहिली. आई म्हणे, वैशाख तिला खाऊ द्या. दारं-खिडक्या सताड उघड्या. ऊन खिडकीतून आत यायचं, विटांवर तासभर थांबायचं आणि जायचं. आमच्याकडचं ऊन माणसाला नको करतं; त्या उन्हाळ्यात मात्र आम्ही त्याला पाहुण्यासारखं आत घेतलं. विटा हळूहळू रंग बदलत गेल्या, काळपट तांबड्याच्या फिकट तांबड्या झाल्या. मला शाळेच्या सुट्ट्या लागलेल्या, मी दिवसभर तेच पाहायची. आई जाता-येता भिंतीवर तळहात ठेवायची, ताप पाहिल्यासारखा.

ज्येष्ठाच्या शेवटी गुलाब म्हणाला, "आता गिलावा करून टाकू बाई. उघडी ठेवली तं लोक म्हणतीन गुलाबनं काम अर्धं सोडलं."

"लोकांले माह्याकडं पाठवा," आई म्हणाली. "एक पावसाळा पाहू द्या. मंग दिवाळीले करू."

बाबांना ते पटेना. भिंत नागडी, आणि वर्षावास तोंडावर. आमच्या घरी वस्ती येणार, ज्या भिंतीवरून लोक हात फिरवायचे तिच्यातून विटा-माती दिसणार. पडत्या भावाच्या त्या वर्षांत माणसाजवळ दाखवायला फार काही उरलेलं नव्हतं. बाबांजवळ ती भिंत होती. आज मला ते समजतं, तेव्हा मला नुसता राग यायचा.

इथं यवतमाळात रंगारी परत आला आहे, सोबत प्लंबर. टाईल्स फुटल्या, पाइपाचा एक सांधा बारीक गळत होता तो सापडला, बदलला. मुलीच्या खोलीतला गिलावाही मी काढायला लावला. आता तिथं सिमेंटच्या विटांची एक ओबडधोबड चौकट आहे आणि समोर टेबलफॅन चालू. मुलगी नागपूरहून व्हिडिओ कॉलवर म्हणते, "मम्मी, किती घाण दिसतंय ते! कधी रंगवणार?" वाळल्यावर, मी सांगते. ती डोळे फिरवते. तिनं तिच्या आजीला म्हातारपणीच पाहिलं, शेवटपर्यंत धडधाकट आवाजात तिला रागावणारी. आईला जाऊन आता काही वर्षं झाली. असं एखादं काम निघालं की मला तिची इतकी आठवण येते की भिंतीवर तळहात ठेवून मी उगाच उभी राहते.

त्या आषाढात पाऊस जोरात होता. पन्हाळ वाजत होतं, बोळीतलं पाणी मुरमावरून पलीकडे पळत होतं. आईचा खोकला उन्हाळ्यात कमी झाला होता, पण खरी परीक्षा ओल्या दिवसांचीच. पौर्णिमेनंतर आमच्या घराची पाळी आली. सकाळपासून बाबांची धडपड. भिंतीला सतरंजी टांगू? निदान चादर?

"भितीले लुगडं कायले नेसवता?" आई म्हणाली. "तिचा दम तिले घेऊ द्या."

दिवेलागणीनंतर माणसं आली. सगळी पांढऱ्या कपड्यांत, ओले पाय पोत्याला पुसत. मधली खोली भरली, दाटीवाटीनं. फक्त उघड्या भिंतीलगतची एक पट्टी तेवढी रिकामी. धुतलेल्या कपड्यांना माती लागेल म्हणून तिथं कोणी टेकेना. शांताबाई चष्मा लावूनच आईशेजारी बसल्या होत्या. आईनंच त्यांना सांगून ठेवलं होतं, दम लागला तर पुढं तुम्ही घ्या. बाबा आत आलेच नाहीत. पांढरा इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसले, पाठ घराकडे. आलेल्यांना "या, बसा" म्हणत होते, पण आत चला म्हणत नव्हते. मी दारात उभी होते, मला दोन्हीकडचं दिसत होतं.

वंदना झाली. आईनं सुरू केलं. आवाज आधी जपून होता, नदीत पाय टाकावा तसा. मी तिचं वाचन ऐकतच नव्हते, मी फक्त खोकल्याची वाट पाहत होते. बाबाही तेच करत असावेत, कारण त्यांची मान हलत नव्हती. एक पान झालं. उलटल्याचा आवाज आला. दुसरं सुरू झालं. टिनांवर पाऊस वाढला, तसा तिचा आवाजही थोडा वर गेला.

आणि मग ती थांबली. शांताबाईंचा हात पुस्तकाकडे गेला. बाबांनी ओट्यावरूनच मान वळवली.

"म्हंजे कसं हाये बायांनो," आई म्हणाली, "पाह्यजा, आमच्या ह्यांची भित..."

पुढचं मला ऐकू आलं नाही, इतका हशा झाला. शांताबाईही हसत होत्या आणि त्यांनी हात मागं घेतला होता. आई बोलतच होती, एका दमात, ऑइल पेंट आणि चहाचे कप आणि माणसाच्या मनात साठलेली ओल, सगळं त्या छापील वाक्याला नेऊन जोडत. हसू ओसरलं तेव्हा बाबा उठले. मला वाटलं चिडले, आता बोळीकडे निघून जातील. ते आत आले. माणसांच्या मधून, पाय चुकवत चुकवत पलीकडे गेले, त्या रिकाम्या पट्टीत मांडी घालून बसले आणि पांढऱ्या सदऱ्याची पाठ त्यांनी उघड्या विटांना सरळ टेकवून दिली.

आईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि पुढचं वाक्य वाचायला घेतलं.